दातांच्या तारा आणि आपलं घर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाचून दाखवलेलं भाषण)



“घरात उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा,” असं चिटणीसबाईंनी म्हटलं तेव्हा मला घामच फुटला. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. चारचौघींत बोलायची सवय हळदीकुंकवापुरती. पण आमच्या धाकटीच्या दातांना तारा लावल्या, त्या निभावताना जे शिकले ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक मोठी चूक टळली असती. म्हणून उभी राहिले. चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटीचे वरचे दात पुढे होते. माझ्यावरच गेली ती. मी लहानपणापासून हसताना तोंडावर हात धरते, तुम्ही पाहिलंच असेल. तेराव्या वर्षी तीही तसाच हात धरू लागली, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, “माझ्या पाटल्या राहू द्या, आधी हिचे दात.” सासूबाईंना ते पटलं नाही. “पोरीच्या तोंडात कसलं लोखंड घालता!” म्हणाल्या. पण शेवटी त्यांनीच नारळ ठेवून आम्हाला निघू दिलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. प्रत्येक दातावर एक बारीक टिकली चिकटवतात, तिला ब्रॅकेट म्हणतात, आणि सगळ्या टिकल्यांमधून तार ओवतात. तार दाताला हळूहळू रेटते. ज्या बाजूला दात सरकतो तिकडचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतं. महिन्याला सुमारे 1 मिलीमीटर, एवढीच ती चाल. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. “माझं काम महिन्यातून अर्ध्या तासाचं, बाकीचं तुमच्या घरी,” असं ते म्हणाले. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोरगी आरशापुढून हलेना. संध्याकाळी दुखू लागलं. दुसऱ्या दिवशी मऊ भातसुद्धा चावेना. तिसऱ्या रात्री माझ्या कुशीत येऊन म्हणाली, “आई, हे काढून टाक, मला नको सरळ दात.” खरं सांगते, माझाही धीर सुटला होता. सकाळी फोन करून काढायला सांगायचं असं मनात ठरवूनच टाकलं. पण पहिले दोन-तीन दिवस फार ठणकेल आणि आठवड्याभरात उतरेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हटलं, आठवडा तर होऊ दे. त्यांनी लिहून दिलेली गोळी दिली, आणि पाचव्या दिवशी तिनं आपणहून खिचडी मागितली.

त्या आठवड्यात चूल आपल्या हातात असते हे फार बरं. गुरगुट्या भात, मुगाचं वरण, ताकातली आंबील, रव्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी, केळं, दही. पुढेही भाकरी आमटीत भिजवूनच द्यावी. पेरू, सफरचंद तोडून खायचं नाही, बारीक फोडी करून मागच्या दातांनी चावायच्या. गाजर किसून. कणसाचे दाणे सोलून उकडून. फुटाणे, ऊस, चिक्की, कडक चकली, बर्फ, च्युइंगम यांना मात्र तारा निघेपर्यंत रजा.

नव्या टिकल्यांनी गाल आतून सोलपटतात. त्यासाठी डॉक्टर एक मेण देतात. टोचणारी जागा आधी कापसानं कोरडी करायची, ज्वारीच्या दाण्याएवढं मेण बोटांत मळायचं आणि टिकलीवर दाबून बसवायचं. ओल्यावर ते मुळीच बसत नाही, मी अर्धी डबी वाया घालवून हे शिकले. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा चुळा भरायच्या. सासूबाईंनी मायेनं गालाला आतून हळद लावली. गाल शांत झाला की नाही ठाऊक नाही, पण टिकल्यांवरची पांढरी रबरं पिवळीधम्मक झाली आणि पोरगी महिनाभर शाळेत तोंड मिटून बसली. आपल्या हळदीच्या आमटीनंसुद्धा ती पिवळी होतात. दर भेटीला नवी घालतात, म्हणून घाबरायचं नाही.

आता घासण्याचं. प्रत्येक जेवणानंतर घासायचं. मऊ ब्रश तिरपा धरून आधी टिकलीच्या वरून, हिरडीलगत, मग खालून. तारेखालच्या फटीत एक इवलासा ब्रश जातो, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लूच जणू. पेस्ट फ्लोराइडची. मशेरी आणि राखुंडी नको. हे चुकलं तर टिकलीभोवती अन्न साठून दाताचा कस जातो, आणि तारा काढल्यावर तिथं खडूसारखे पांढरे डाग दिसतात. ते घासून जात नाहीत. माझ्या भाचीच्या सरळ झालेल्या दातांवर ते आहेत, म्हणून मी रोज रात्री बॅटरी घेऊन धाकटीचं तोंड तपासत असे. ती चिडायची. चिडू दिलं.

आता माझी चूक. संक्रांतीला तिळाच्या वड्या केल्या. पाक जरा पुढे गेला आणि वड्या कडक झाल्या. पोरगी नको नको म्हणत होती. मीच म्हटलं, “सणाची एक तरी खा.” कट्कन आवाज आला आणि टिकली सुटून तारेवर लोंबू लागली. त्याच दिवशी फोन करायला हवा होता. पण डॉक्टर रागावतील, पुन्हा पैसे पडतील, ह्यांना काय सांगू, म्हणून मी गप्प बसले. पुढची भेट तीन आठवड्यांनी होती, तेव्हाच दाखवू म्हटलं. तोवर तो दात ओढीशिवाय राहून वाकडा वळला होता. डॉक्टरांना टिकली नव्यानं चिकटवून पुन्हा बारीक तारेपासून सुरुवात करावी लागली. तीन महिने वाढले. “कशानं निघाली?” असं त्यांनी विचारलं, तर पोरगी म्हणाली, “मीच वडी खाल्ली.” माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. ह्यांना हे अजून माहीत नाही, स्मरणिकेत छापून आलं की कळेल.

तारेचं टोक गालात घुसू लागलं तर स्वच्छ ब्रशाच्या मागच्या बोथट टोकानं हलकेच आत दाबायचं, मेण लावायचं आणि फोन करायचा. घरची कात्री चालवायची नाही.

खर्चाचं पुष्कळजणी विचारतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथं बाहेरपेक्षा कमी खर्चात होतं. हेलपाटे आणि थांबणं मात्र आलं.

तारा निघाल्या म्हणजे सुटलो असंही नाही. दात जुन्या जागेकडे परत धाव घेतात, म्हणून काढता-घालता येणारा रिटेनर देतात, तो डॉक्टर सांगतील तितके दिवस घालायचा. गरम पाण्यानं धुतला तर वाकतो. एका लग्नात धाकटीनं तो जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि वाढप्यानं ताटासकट उचलून नेला. मी नवी पैठणी नेसून उष्ट्याच्या पिंपात हात घालून उभी होते. सापडला बाई एकदाचा. तेव्हापासून त्याची डबी माझ्या पर्समध्ये असते.

मेणाची एक पट्टी शिल्लक आहे, ती आणि तो इवलासा ब्रश मी बरोबर आणला आहे. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावं.