रस्त्याची साइडपट्टी

मेढ्याहून महाबळेश्वराकडे निघालेली गाडी केळघरच्या घाटांत बंद पडली, तर तिनें उभें राहावें कोठें? एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी. तेथें साइडपट्टीस जागा मिळणें कठीण. मग चालक चाकामागें दगड लावतो, रस्त्यावर फांद्या टाकतो आणि वळणाआडून येणाऱ्यांच्या सावधपणावर प्राण सोंपवतो.

इंग्लंडांत तर कांहीं महामार्गांवर असलेली साइडपट्टीच वाहतुकीस खुली केली गेली. रुंदीकरणाचा खर्च वांचला. परंतु बंद गाडी धांवत्या रांगेंत सांपडूं लागली. अखेर २०२३ सालीं सरकारनें असे नवे मार्ग रद्द केले.

घाटांत सलग पट्टी अशक्य असली, तरी ठिकठिकाणीं गाडीपुरती जागा कोरतां येते. आणि निघतांना चालकानें तो दगड उचलावा. नाहींतर रात्रीं तोच एखाद्या दुचाकीस्वाराचा काळ ठरतो.