रानातली नोकरी आणि गावची पोरे



कामगार संघटनेचा माणूस वन्यप्राण्यांवर बोलावयास उभा राहिला, याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारावरच्या सभांत अधिक झाले. पक्ष्यांची नावे आम्हांस पाचपंचवीसच येतात. परंतु मजुरी, हजेरी आणि हंगाम हे तीन शब्द आम्हांस चांगले कळतात, आणि या विषयावर बोलताना नेमके तेच गाळले जातात. म्हणून हे आमंत्रण आम्ही घेतले.

येडशीचे रामलिंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. श्रावणात आपण दर्शनाला जातो, माकडांना फुटाणे घालतो (घालू नयेत, हेही जाता जाता सांगतो) आणि घरी येतो. त्या घाटातले 22.38 चौरस किलोमीटर रान 1997 साली अभयारण्य झाले. 2024 च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला. अंगावरचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. शेते आणि हमरस्ते ओलांडीत तो 400 किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून आला होता. पुढे येडशी-बार्शीच्या पट्ट्यात जनावरे मारली गेली, त्याला धरायला पथके आली, आणि गावोगाव अफवांना ऊत आला.

त्या दिवसांत गावाला कोण हवे होते? चावडीवर उभे राहून चार गोष्टी सांगणारा माणूस हवा होता. कुत्र्याच्या पंजाच्या ठशात नखे उमटतात, वाघ-बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत. मारले गेलेले जनावर पंचनामा होईपर्यंत हलवू नये, नाहीतर भरपाई अडते. रात्री पिकाला पाणी द्यायला एकट्याने जाऊ नये. यावर कोणी शेतकरी म्हणेल, "अरे, पण वीज रात्रीच येते, त्याला काय करू?" हा प्रश्न ऐकून न घेणारा माणूस वन्यजीव-शिक्षणाच्या कामाचा नाही. जो तरुण तो प्रश्न लिहून घेऊन चार शेतकऱ्यांसह कचेरीत जाईल, त्याला आम्ही पुढारी म्हणू. नुसता हिरवा सदरा घालून घोषणा देणाऱ्याला म्हणणार नाही.

आता पोटाचा प्रश्न. या विद्येवर कोणी जगले आहे काय? डॉ. सालिम अली यांनी 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी धरली. लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगणे हेच काम. विद्यापीठाची पदवी नव्हती. पुढे ते जर्मनीत शिकून परत आले, तो पैशाअभावी जागाच उरली नव्हती. म्हणजे आपल्याकडे कपात पहिल्यांदा कोणावर येते, हे तेव्हाही ठरलेलेच होते! ते किहीमला गेले आणि सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करीत बसले. त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

जवळचे उदाहरण मारुती चितमपल्लींचे. जन्म 1932 चा, सोलापूरचा. कोइमतूरला वनशिक्षण घेतले, उभी नोकरी वनखात्यात काढली, रानातल्या माणसांकडून शिकत गेले आणि मराठीला रानाचे शब्द दिले. 2006 साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

वाटा आज अधिक आहेत. बारावी झालेल्या मुलामुलींना वनरक्षकाची भरती आहे. पुढे शिकणाऱ्यास डेहराडूनची 1982 साली निघालेली भारतीय वन्यजीव संस्था आहे. कोकणात वेळासला 2002 पासून समुद्रकासवांची घरटी राखण्याचे काम उभे राहिले, आणि आता पिल्ले पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवण-राहण्यावर गावातली घरे चार पैसे मिळवितात.

पण ताडोब्याचा वाटाड्या घ्या. पावसाळ्यात गाभ्याचे जंगल पर्यटकांना बंद असते. मग त्याची चूल कशावर पेटावी? साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला बंद हंगामातही काही भत्ता असावा, हे तत्त्व आमच्या धंद्यात भांडून मान्य करून घेतलेले आहे. रानातल्या हंगामी माणसाला ते का लागू नसावे? त्याच ताडोब्यात 2021 च्या नोव्हेंबरात वाघांच्या गणनेचे काम करीत असता एक वनरक्षक भगिनी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्या कामात जीव जातो त्याला 'हौस' म्हणणे आम्हांस मान्य नाही. स्वयंसेवा जरूर करावी, एक सुट्टी करावी, दोन कराव्यात. परंतु वर्षभराचे काम प्रमाणपत्रावर भागवणारा कोणी भेटला, तर मुलांनो, त्याला आधी पगारपत्रक विचारा.

आमची एक सूचना आहे. चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात पाळला जातो. येत्या सप्ताहात ढोकीच्या शाळांनी मुलांना घेऊन तेरणेच्या काठी जावे. पक्षी दाखवायला बाहेरचा पाहुणा आणू नये, इथलीच दोन पोरे आणि दोन पोरी आतापासून तयार कराव्यात. आणि सप्ताह संपल्यावर त्या चौघांना मानधन द्यावे, वहीत सही घेऊन.