पेटीवाल्याची बिदागी

(फेडरेशनच्या बैठकीच्या निमित्ताने नवी दिल्ली येथे जमलेल्या रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून वेतन, रिकाम्या जागा, ठेकेदारी या विषयांवर पुष्कळ बोलून झाले आहे. आता गाण्याचा कार्यक्रम आहे, त्याआधी पंधरा मिनिटे तुम्ही बोला, असे संयोजकांनी आम्हाला सांगितले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, रागदारीतले आम्हाला कळत नाही. पण मघाशी एक गृहस्थ पेटी खांद्यावर घेऊन जिना चढताना दिसले. आम्ही कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव शोधले. गायिकेचे नाव मोठ्या टायपात आहे, ते असलेच पाहिजे. खाली फक्त 'तबला व हार्मोनियमची साथ' एवढेच छापले आहे. म्हणून ठरवले की आज साथीदारावर बोलायचे. तोही कामगारच आहे.

आमच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे पार्सल ऑफिसात गेली. एकदा एका पेटीवाल्याला गाडीत गर्दी आहे म्हणून पेटी ब्रेकव्हॅनमध्ये टाकायला लावली गेली. उतरवताना भात्याची फळी निखळली आणि चार-पाच पट्ट्या बसल्या. स्टेशनचे नाव सांगत नाही, कोणाची चूक तेही सोडा. क्लेमचा फॉर्म आम्हीच भरून दिला. किंमत लिहिली, सही घेतली. तेव्हा ते म्हणाले, "साहेब, पेटीचे पैसे आज ना उद्या मिळतील. पण आज रात्रीची बिदागी गेली, ती कुठल्या रकान्यात लिहू?" फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. ते वाक्य आमच्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

आता दिल्लीत बसलो आहोत, तर दिल्लीचीच गोष्ट सांगतो. इथून जवळच संसद मार्गावर आकाशवाणीची इमारत आहे. या आकाशवाणीवर 1 मार्च 1940 पासून पेटी वाजवायला बंदी होती. ती उठली 1971 साली, म्हणजे एकतीस वर्षांनी. तरुण मंडळींना हे खरे वाटणार नाही.

पेटी हे आपले मूळचे वाद्य नाही, हे मान्य. एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून आली, तेव्हा पायाने भाता मारून वाजवायची. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी ती जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी केली. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. मराठी संगीत नाटकाने पायपेटी आणि ऑर्गन दोन्ही उचलले. पितळी सूर गुजरातेत पालिताण्याला बनू लागले. म्हणजे बंदी आली तेव्हा पेटी देवळात, कीर्तनात, तमाशात, गुरुद्वारात, कव्वालीत सगळीकडे पोचलेली होती.

आक्षेप घेणारी माणसे लहान नव्हती. जॉन फौल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार दिल्लीच्या रेडिओवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते. त्यांनी 1938 साली रेडिओच्या नियतकालिकात पेटीवर कडक लेख लिहिला. बंदी पाहायला ते राहिले नाहीत, 1939 मध्ये कलकत्त्याला वारले. 1940 च्या जानेवारीत खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीला विरोध कळवला. तेव्हा रेडिओचे मुख्य अधिकारी लायोनेल फील्डन नावाचे इंग्रज होते. म्हणजे साहेब आणि स्वदेशी विचारवंत या एका बाबतीत एकाच बाजूला! त्यांचे म्हणणे असे की, पेटीत एका सप्तकात बाराच पट्ट्या, प्रत्येकीचा सूर ठोकून बसवलेला. गायक एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात, ती पेटीत निघत नाही. आपल्या संगीतातल्या श्रुती बावीस, त्या बारा पट्ट्यांत कशा मावणार?

हा आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली, म्हणजे प्रश्न होताच. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या वादात सूर मोजले, श्रुती मोजल्या. पेटीवर पोट असलेली माणसे किती, हे कुणी मोजले का? आम्ही या विषयावरचे जे वाचले त्यात स्वरांची चर्चा पानेच्या पाने आहे, रोजगाराची दोन ओळीसुद्धा नाही.

आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर काय झाले? 1952 ते 1962 बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, संगीताचा जाणकार. त्यांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर भरपूर वेळ दिला, त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. सिनेमाची गाणी त्यांनी हटवली, तर लोक रेडिओ सिलोन ऐकू लागले, आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांचे ऐकावे लागले, कारण श्रोत्यांकडे रेडिओचे बटण होते. पेटीवाल्याकडे कसले बटण? त्याची बंदी तशीच राहिली.

यात एक मौज आहे. आपले पु. ल. देशपांडे 1955 साली आकाशवाणीच्या नोकरीत गेले. 1959 मध्ये दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले तेव्हा ते इथेच होते. पुलंची पेटी तुमच्यापैकी ज्यांनी ऐकली असेल त्यांना सांगायला नको. एवढा पेटी वाजवणारा माणूस, आणि ज्या खात्यात नोकरी त्या खात्याच्या स्टुडिओत पेटीला दार बंद. पुलंना लेखन होते, नाटक होते, नाव होते. नुसत्या पेटीवर जगणाऱ्याचे काय?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो प्रचार होईल. पेटी बंद होती म्हणून सारंगीवाल्यांना रेडिओवर काम राहिले. बाहेरच्या मैफलीत पेटीने सारंगीला केव्हाच मागे सारले होते. पेटी स्वस्त, पुन्हापुन्हा सूर लावायला नको, शिकायला सोपी. सारंगीला तीसच्या वर तारा, सगळ्या जुळवत बसायचे, आणि बोटांच्या नखांच्या मुळाशी घट्टे पडायचे. दिल्लीच्या रेडिओवर उस्ताद साबरी खाँ यांच्यासारखे सारंगिये होते. हे खरे असले तरी, एका कामगाराची भाकरी वाचवायची म्हणून दुसऱ्याची काढून घेणे, ही कामगार चळवळीची रीत नव्हे. वाफेची इंजिने बंद झाली तेव्हा आपण काय केले? कोळसा गेला, फावडे गेले, पण फायरमनला घरी पाठवू दिले नाही. त्याला डिझेल असिस्टंट म्हणून शिकवून घ्यायला लावले. यंत्राला आपला विरोध नव्हता, माणूस वाऱ्यावर सोडण्याला होता. सारंगीवाला किंवा पेटीवाला यांच्यासाठी अशी वाटाघाट करायला टेबलाच्या या बाजूला कोणी बसलेलेच नव्हते.

रेडिओवर ज्यांना काम होते त्यांची तरी स्थिती काय? त्यांना 'स्टाफ आर्टिस्ट' म्हणत. रोज कामावर यायचे, वेळा पाळायच्या, पण करारावर. पोस्टातल्या बंधूंना हे लगेच समजेल, कारण त्यांच्याकडे इ. डी. होते, ज्यांना आज ग्रामीण डाक सेवक म्हणतात. टपाल वाहायची सरकारची, पण नोकर सरकारचा नाही! 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इ. डी. कर्मचारी नागरी पद धारण करतो, त्याला घटनेच्या 311 कलमाचे संरक्षण आहे. बरोबर दहा वर्षांनी, 1987 मध्ये, त्याच न्यायालयाने आकाशवाणीच्या स्टाफ आर्टिस्टबद्दलही तेच सांगितले. सारंगी वाजवणारा आणि खेड्यात पत्र वाटणारा कायद्याच्या एकाच खिडकीपुढे उभे होते, आणि एकमेकांना ओळखत नव्हते.

1971 मध्ये बंदी उठली ती साथीपुरती. नुसती पेटी एकट्याने वाजवायला नंतरही बरीच वर्षे मोकळीक नव्हती. पण साथीला तरी दार उघडले. पुढच्या काळात दिल्लीत जो पेटीवाला सर्वांत जास्त नावाजला तो म्हणजे उस्ताद महमूद धौलपुरी. जन्म 1954, राजस्थानातल्या धौलपूरचा. आग्रा आणि ग्वाल्हेरच्या मधले हे स्टेशन दिल्लीला येताना आपल्या गाडीतून दिसते. दिल्ली घराण्याचे नसीर अहमद खाँ यांच्याकडे ते शिकले आणि दिल्लीतच राहिले. पंडित भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, पंडित जसराज, गिरिजादेवी, परवीन सुलताना अशा सगळ्यांना त्यांनी साथ केली.

जरा विचार करा, हे काम कसले असते. आज एका घराण्याचा गायक, उद्या दुसऱ्याचा. एकाची पट्टी काळी एक, दुसरीची काळी पाच. गायक कुठे जाणार हे आधी कळत नाही. त्याच्यामागे अर्ध्या पावलावर राहायचे, पुढे गेले तर आगाऊपणा, फार मागे राहिले तर आळशीपणा. त्याने श्वास घेतला की मधली जागा भरायची, तो आला की बाजूला व्हायचे. डबल हेडिंगमध्ये मागच्या इंजिनावरचा ड्रायव्हर असतो ना, तसे आहे हे. सिग्नल पुढचा पाहतो, ओढायचे दोघांनी. महाराष्ट्रात हेच काम आप्पा जळगावकरांनी, तुळशीदास बोरकरांनी केले, नाटकात ऑर्गनवर गोविंदराव पटवर्धनांनी केले. त्यांच्या साथीशिवाय ती गाणी आज आपल्या कानात आहेत तशी राहिली नसती.

2006 साली महमूद धौलपुरींना पद्मश्री मिळाली. पेटी वाजवणाऱ्याला मिळालेली ती पहिली. गंमत म्हणजे त्याच वर्षी सारंगीच्या साबरी खाँ साहेबांना पद्मभूषण मिळाले. सरकारच्या एका यादीत सारंगी आणि पेटी शेजारी शेजारी आल्या. 25 मे 2011 रोजी धौलपुरी दिल्लीत वारले. वय सत्तावन्न. आपल्याकडे 1998 पर्यंत निवृत्तीचे वय अठ्ठावन्न होते. म्हणजे जुन्या हिशेबानेही ते सर्व्हिसमध्येच गेले. फक्त त्या कामाला सर्व्हिस बुक नसते. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. कार्यक्रम रद्द झाला तर गायकाचे नुकसान होतेच, साथीदाराचे आधी होते. म्हातारपणी महाराष्ट्र शासनाचे कलावंत मानधन असते, पण ते मागायला अर्ज घेऊन फिरावे लागते, आणि ज्याचे नाव कधी पत्रिकेवर छापले नाही त्याने कलावंत असल्याचा पुरावा आणायचा कुठून?

आता आपल्या हातातले बोलतो. रेल्वेत कार्यक्रमासाठी प्रवास करणाऱ्या कलावंतांना दुसऱ्या आणि शयनयान वर्गात भाड्यात 75 टक्के सवलत होती. आम्ही खिडकीवर असताना अशी तिकिटे स्वतः दिली आहेत. नाटकवाले येत, भजनी मंडळी येत, पेटी-तबला घेऊन साथीदार येत. 2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या वेळी विद्यार्थी, अपंग आणि रुग्ण सोडून बाकीच्या सवलती थांबवल्या, त्यात हीसुद्धा गेली. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीबद्दल आरडाओरडा झाला, तो योग्यच होता. कलावंतांच्या सवलतीबद्दल कोण बोलले? मोठा गायक विमानाने जातो. सवलतीची खरी गरज पेटीवाल्याला होती.

म्हणून आमची विनंती आहे की फेडरेशनच्या मागणीपत्रात ही एक ओळ घालावी. कोणी म्हणेल, हे आपल्या सभासदांचे काम नाही. तिकीट आपणच कापतो, पार्सल आपणच चढवतो, बिदागीची मनीऑर्डर वर्षानुवर्षे आपल्याच पोस्टमनने घरी पोचवली. मग काम कोणाचे? जमल्यास पार्सलमधून जाणाऱ्या वाद्यांच्या नुकसानीचा वेगळा विचार व्हावा, हेही त्यात जोडा. मसुदा आम्ही आणला आहे, सचिव साहेबांकडे देतो.

पडदा उघडायची वेळ झाली. मघाशी आत जाऊन पेटीवाले आणि तबलजी या दोघांची नावे आम्ही चिठ्ठीवर लिहून घेतली आहेत. निवेदन करणाऱ्या भगिनींनी ती गाणे सुरू होण्याआधी वाचावीत, आणि या कार्यक्रमाचे वृत्त मासिकात येईल त्यातही छापावीत. ही घ्या चिठ्ठी.