यादीत नाव कुणी घातलं?

विमानतळावर बॅग तपासतात, ती आपल्यासमोर. पण त्याआधी आपलं नावही कुठल्यातरी यादीशी ताडून पाहिलेलं असतं, ते दिसत नाही. आज त्या न दिसणाऱ्या तपासणीबद्दल बोलू.

रहीना इब्राहिम मूळच्या मलेशियाच्या. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करत होत्या. जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर त्यांना बेड्या घातल्या, दोनेक तास डांबून ठेवलं. कारण, विमानप्रवासबंदीच्या यादीत नाव! ते तिथे का आलं, हे कुणी सांगेना. २००६ मध्ये त्या कोर्टात गेल्या. सरकार म्हणालं, हे गुपित आहे. शेवटी २०१४ मध्ये निकाल आला. एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने फॉर्म भरताना भलत्याच चौकोनांत खुणा केल्या होत्या. एवढंच! पण ते कळायला नऊ वर्षं गेली.

सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाही २००४ मध्ये नावातल्या साम्यामुळे विमानतळांवर पुन्हा पुन्हा अडवलं होतं. त्यांनी थेट खात्याच्या मंत्र्यांना गाठलं, तरी सुटायला काही आठवडे लागले. तुमच्या-माझ्याकडे कुठल्या मंत्र्याचा नंबर असतो?

आता आपल्याकडे या. विमानात दंगा करणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये प्रवासबंदीचे नियम आले. त्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ३० दिवसांत निर्णय देते. तो पटला नाही तर ६० दिवसांत अपील करता येतं. चांगली सोय आहे. पण गृहमंत्रालयाने ज्यांना देशाच्या सुरक्षेला धोका ठरवलं, त्यांना त्या नियमांत हे अपील नाही. म्हणजे शिवीगाळ करणाऱ्याला दाद मागता येते. आणि जिथे चूक सर्वांत महागात पडेल, तिथे दरवाजा बंद.

सुरक्षा हवीच, त्यावर वाद नाही. पण खासगीपणा म्हणजे काही लपवणं नव्हे. आपल्याबद्दल कुणी काय लिहून ठेवलंय ते कळणं आणि चुकलं असेल तर दुरुस्त करून घेता येणं, हाही त्याचाच भाग. २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. मग मागणी साधी आहे: यादी गुप्त ठेवा, पण चुकलेलं नाव काढून घ्यायला एक खिडकी उघडी ठेवा. माणूस चुकतो, आणि याद्या माणसंच बनवतात.