वजनकाटा घरातही हवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



जमलो आहोत शेतमालाच्या भावासाठी. मग हे हृदयाचे दुखणे मध्येच कशाला, असे काहींना वाटेल. कारण असे की आपल्या बैठकांतले काही चेहरे दिसेनासे झाले. चौकशी केली तर घरचे सांगतात, "दम लागायचा, पायांवर सूज होती. गोळ्यांनी बरे वाटले म्हणून बंद केल्या. पुढच्या कापूस विकला की आणू म्हणाले." कापूस विकला गेला तेव्हा गोळ्या खाणारा माणूस उरला नव्हता.

डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. विहिरीवरची मोटार चालू आहे, पण पंप झिजला. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसे हे आहे. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. निचरा नसलेली जमीन चिबडते, तसे पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साचते. मागे येऊन गेलेला हार्ट अटॅक, दुर्लक्षिलेला रक्तदाब, लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेल्या झडपा, ही त्याची नेहमीची कारणे.

२०१७ साली १६ देशांतल्या ५८२३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात चीनमध्ये १०० पैकी ७ दगावले, भारतात २३, आफ्रिकेतल्या देशांत ३४. आरोग्यात ज्या केरळचे नाव घेतात, तिथे त्रिवेंद्रमला २०१३ मध्ये इस्पितळात दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली. पाच वर्षांत १० पैकी जवळजवळ ६ गेले. त्यांचे सरासरी वय ६१. हृदयाचा जोर कमी झालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यालाच शास्त्राप्रमाणे पुरती औषधे मिळत होती.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडून एक गोष्ट नीट समजून घेतली आहे. या आजारात डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो. बाकीचे दिवस राखण रोग्याने आणि घरच्यांनीच करायची.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती तब्येत सुधारली नव्हे, पाणी साचले. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उताणे झोपल्यावर दम कोंडत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील, तरी तेच.

मीठ कमी करा. लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांतले मीठही मीठच, आणि सैंधवही मीठच. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. त्यातल्या पुष्कळ गोळ्या मीठ-पाणी अडवून धरतात.

मायबहिणींना विशेष सांगणे आहे. रानात आडोसा नाही म्हणून पुष्कळ जणी लघवीची गोळी टाळतात. गोळी टाळू नका. तिची वेळ बदलता येते का, ते डॉक्टरांना विचारा. आणि बरे वाटते म्हणून कोणतीच गोळी आपल्या मनाने सोडू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच.

पण सगळा भार रोग्यावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. इस्पितळात पडल्यावर खर्चाची योजना आहे; पण इस्पितळात पडूच नये म्हणून लागणाऱ्या रोजच्या गोळ्यांसाठी मात्र बहुतेकांना खिशात हात घालावा लागतो. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाल्या पाहिजेत, ही मागणी आजच्या ठरावात घालू. आणि ज्याच्या पिकाला भाव नाही त्याच्या गोळ्यांत खंड पडणारच; म्हणून हा प्रश्न आपल्या भावाच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. काट्यावर कापसाचा किलो-किलो आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. स्वतःचे वजन मात्र कोणाला ठाऊक नसते. प्रत्येक शाखेने माणसांच्या वजनाचा एक काटा आणि एक वही ठेवावी. पुढच्या बैठकीत हजेरीबरोबर त्या वहीचीही विचारणा होईल.