दातांवरील डाग : कारणे व उपाय
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा दातांवरील डाग हा विषय मी मुद्दाम निवडला. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात मुलगी पाहावयास गेलेली मंडळी तिच्या पिवळ्या दातांकडे पाहून स्थळ नाकारतात, शाळेत मुले एकमेकांस चिडवितात, आणि घरी आई लेकराचे दात विटेच्या भुकटीने रक्त येईपर्यंत घासून घेते. दोष कशाचा आणि शिक्षा कोणास, हे आपण कधी तपासून पाहिले आहे काय?

डागांचे दोन प्रकार आहेत. एक बाहेरून बसतो, दुसरा आतून उमटतो. या दोहोंतील भेद ज्याने ओळखला, त्यास पुढचा उपाय आपोआप सुचेल.

प्रथम आतून उमटणाऱ्या डागाचा विचार करू. पक्के दात हिरडीबाहेर येतात सहाव्या-सातव्या वर्षी. पण त्यांचे कठीण कवच जबड्याच्या आत पहिल्या काही वर्षांतच घडत असते. या काळात मुलाच्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड नावाचे द्रव्य प्रमाणाबाहेर असेल, तर ते कवच नीट पक्के होत नाही. दात बाहेर येतो तोच खडूसारखे पांढरे पट्टे घेऊन, आणि पुढे ते पट्टे पिवळे वा तपकिरी होतात. अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात मॅके नावाच्या दंतवैद्याने १९०१ साली असे दात पाहून शोधास आरंभ केला. त्याचे कारण पाण्यातील फ्लोराईड आहे हे कळावयास १९३१ साल उजाडले. आपल्या देशात १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात, याच द्रव्याने माणसांची हाडेही ताठरतात असे आढळून आले.

हे दूरचे झाले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही वरोरा, भद्रावती या तालुक्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड अधिक असल्याचे तपासणीत दिसून आले आहे. हे द्रव्य कारखान्यातून येत नाही. ते खडकातूनच पाण्यात विरघळते. म्हणून उघड्या विहिरीपेक्षा खोल हातपंपाच्या पाण्यात ते पुष्कळदा जास्त सापडते. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी नितळ आहे म्हणून ते निर्दोष आहे, असे समजू नये. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरे पाणी नसेल तर फार तर १.५.

या डागाची ओळख सोपी आहे. तो उजव्या-डाव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखाच असतो, आडव्या पट्ट्यांनी दिसतो, दुधाच्या दातांवर क्वचित आढळतो, आणि त्याच पाण्यावर वाढलेल्या शेजारच्या मुलांतही दिसतो. तो घासून जात नाही.

भगिनींनो, येथे मी विशेष आग्रहाने सांगतो. अशा दातांची मुलगी अस्वच्छ नसते, आळशी नसते. तिच्या रक्तात दोष नसतो आणि हा डाग वारशाने पुढे जात नाही. चांगल्या पाण्याच्या गावी ती नांदावयास गेली, तर तिच्या मुलांचे दात स्वच्छ निघतील. विहिरीच्या दोषासाठी मुलीस नाकारणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्या ज्ञातीत यापुढे होऊ नये.

उपाय दोन अंगांनी करावयाचा. दातांपुरते म्हणाल तर दंतवैद्य वरचा थर हलकेच घासून किंवा त्यावर दातांच्या रंगाचा लेप बसवून डाग झाकू शकतात. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही याचा सल्ला मिळतो. पण खरा उपाय पाण्याचा. ग्रामपंचायतीमार्फत आपल्या हातपंपाचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही, उलट ते आटून दाट होते. तुरटी व चुना योग्य प्रमाणात घालून ते काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनेच शोधली. मात्र प्रमाण जाणकाराकडून ठरवून घ्यावे. तोपर्यंत निदान आठ वर्षांखालील मुलांस तरी निर्दोष विहिरीचे किंवा नळयोजनेचे पाणी द्यावे. तान्ह्या बाळास आईचे दूधच पाजावे. त्यात फ्लोराईड अत्यल्प असते.

आता बाहेरून बसणारा डाग. चहा, पान, विडी यांनी तो बसतो. पण आपल्याकडे त्याचे मुख्य कारण खर्रा. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ दात काळपट-तांबडे करतो. दंतवैद्याने दात खरवडून स्वच्छ केले म्हणजे हा डाग निघतो. परंतु खर्रा चालू असेल तर महिनाभरात पुन्हा बसतो. डाग तर केवळ बाहेरची खूण. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठरते, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, तिखट सोसत नाही. आणि पुढे कर्करोगाची भीती असते. सुपारी स्वतःही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केला आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने तंबाखू व दारूविरुद्ध 'मुक्तिपथ' मोहीम उभी राहिली. पण कायदा आणि मोहीम आपल्या उंबरठ्याच्या आत येत नाहीत. तेथे आपणच लागतो. गुडाखू, मिश्री यांनी दात स्वच्छ होतात ही समजूतही चुकीची आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ सालीच बंदी झालेली आहे.

एक सूचना मातांसाठी. लोहाच्या पातळ औषधाने मुलांचे दात काळसर दिसू लागतात. तो डाग वरचा असतो व निघतो. त्यासाठी औषध बंद करू नये. तसेच टेट्रासायक्लिन जातीची औषधे गर्भवतीस व आठ वर्षांखालील मुलांस वैद्यांना विचारल्यावाचून देऊ नयेत. त्यांनी दात कायमचे करडे-पिवळे होतात.

आणि कोणताही डाग असो, तो विटेच्या भुकटीने, कोळशाने वा वाळूने घासू नये. एकदा झिजलेले कवच पुन्हा येत नाही. कडुनिंबाची वा बाभळीची मऊ चघळलेली काडी किंवा मऊ ब्रश आणि सकाळ-रात्रीचा नेम, एवढे पुरेसे आहे.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. ज्या गावी आपली घरे आहेत, तेथील पिण्याच्या पाण्याची तपासणी सभासदांनी या वर्षात करून घ्यावी. लग्नकार्यात व मंडळाच्या सभांत पाहुणचार म्हणून खर्रा पुढे करण्याची चाल बंद व्हावी. त्याऐवजी बडीशेप ठेवावी. आणि वधुपरीक्षेत दातांच्या रंगावरून कोणत्याही मुलीस नाकारण्यात येऊ नये. पहिल्या दोन गोष्टींस थोडा खर्च व थोडा निग्रह लागेल. तिसरीस काहीच लागत नाही, म्हणून तिचा आरंभ आजपासूनच व्हावा.