आधी तपासणी, मग हात





पाठीच्या कण्याचे आरोग्य हा या परिषदेचा विषय नवी मुंबईला फार जवळचा आहे. मशीद बंदरचा घाऊक बाजार तुर्भ्याला आला, तसे साताऱ्या-सांगलीचे, पुणे जिल्ह्यातले माथाडी इथे वसले. माथाडी नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला आणि ओझे वाहणाऱ्याला मजुरीची, फंडाची हमी मिळाली. त्याच्या मणक्यांचे काय, हा प्रश्न मात्र अजून उभाच आहे.

बाजारात गाडी खाली होताना नीट पाहा. दोघे गोणी उचलून देतात, तिसरा वाकून ती पाठीवर घेतो, मान पुढे काढून चालतो आणि थप्पीपाशी कमरेत वळून ती टाकतो. ओझ्यासह वाकणे आणि त्यातच वळणे, मणक्यांमधल्या चकतीला याहून घातक काही नाही. गोणी 50 किलोच्या वर नको, अशी माथाडींची मागणी आहे ती उगाच नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही 1967 मध्येच प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. आणि इकडे महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत दिवसभर खुर्चीला खिळलेली आपली मुलेही संध्याकाळी कंबर धरूनच उठतात.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेणारे तर आजही आहेत. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, हे थांबवा. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्या फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ती विरळा असली, तरी आहेत.

मणक्यांवर हातांनी उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक पद्धतीची सुरुवात 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅनिअल डेव्हिड पामर यांच्या हातून झाली. बहुतेक साऱ्या रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असते, असे ते मानत. हा दावा विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही आणि तो या व्यासपीठावरून कुणी करू नये, असे मला स्पष्ट वाटते. ‘कडक’ आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला, हेही खरे नाही; तो सांध्यातल्या द्रवातील वायूचा आवाज असतो. पण कंबरदुखीपुरता या हातांचा उपयोग नाकारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायाम आणि रुग्णशिक्षणासोबत मणक्यांवरील हस्तोपचारालाही जागा आहे. आपल्याकडे सर्रास दिला जाणारा कमरपट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट देऊ नये, असे तीच तत्त्वे सांगतात.

आपल्या देशात कायरोप्रॅक्टरांसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे रीतसर शिकून आलेला आणि चार व्हिडिओ पाहून पाटी लावणारा, यांतला फरक रुग्णाला कळत नाही. तो दाखवून देण्याची जबाबदारी इथे जमलेल्या आपणा उपचारकांचीच आहे. लघवी-शौचाचा ताबा सुटला, पाय लुळा पडू लागला, तर रुग्णाला हात न लावता थेट रुग्णालयात पाठवायचे. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन उतरत असेल, तर आधी मणक्याचा क्षय नाही ना, हे तपासायचे. आपल्या देशात हा आजार दुर्मीळ नाही.

परिषद संपण्यापूर्वी आपण सर्वांनी मिळून एक पानभर मराठी सूचनापत्र तयार करावे, अशी माझी विनंती आहे: पाठ धरली तर काय करावे, कुणाकडे जावे आणि कुणाला पाठीला हात लावू देऊ नये. बाजारातल्या प्रत्येक टोळीच्या मुकादमापर्यंत ते पोहोचवण्याची जबाबदारी स्वागत समिती घेते.